मेसेजचं कुलूप नीट कसं लावायचं: ऊसतोडीच्या बायांसाठी अन् त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांसाठी

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गटासोबत काम करते. हे लिहायला बसले कारण मागच्या हंगामात माझ्या एका चुकीमुळं नऊ कोयत्यांच्या (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) टोळीचे पैसे कापले गेले, अन् ती चूक कुणालाही होऊ शकते.

झालं असं की तालुक्याच्या गावी एका नेटकॅफेत उत्पन्नाच्या दाखल्याची प्रिंट काढायची होती, पीडीएफ फोनमध्ये. तिथला पोरगा म्हणाला, "ताई, व्हॉट्सअ‍ॅप वेब लावा, लगेच निघती." मी स्कॅन केलं, प्रिंट घेतली, दहा रुपये दिले अन् यष्टी पकडायला पळाले. लॉगआउट काही केलं नाही. तीन आठवड्यांनी रात्री अकरा वाजता फडावरून एका ताईचा मेसेज आला, दोन दिवस तापानं फणफणले होते तरी मुकादमानं दोन खाड्यांचे पैसे कापले, हिशोब मागितला तर शिव्या दिल्या. मी तिचं नाव काढून तेच शब्द आमच्या मोठ्या ग्रुपवर टाकले अन् तिची चॅट लगेच पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम टोळीवर हजर, हातात मोबाइल, त्यात कम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो. माझ्या मेसेजचा हिरवा चौकोन, ताईचे शब्द जसेच्या तसे. नेटकॅफेतला पोरगा त्याच्या भावकीतला निघाला. मुकादम एकच विचारत होता, "हे पहिलं कुणी लिहून पाठवलं?" कुणी तोंड उघडलं नाही. मग त्यानं सगळ्या नऊ कोयत्यांचे दोन-दोन खाडे कापले.

तो प्रश्न लक्षात ठेवा, "पहिलं कुणी लिहिलं?" खाली सरकारच्या कायद्याबद्दल लिहिलंय तिथं तोच प्रश्न परत येणार आहे.

आधी हे जवळ घ्या

- तुमचा फोन, चार्ज केलेला, अन् साधारण एक तास निवांत वेळ
- सिम कुणाच्या नावावर आहे याची माहिती. सिम नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नावावर असेल तर पुढचं सगळं कच्चं, कारण सिम ज्याच्या नावावर तो दुकानात जाऊन त्याच नंबरचं दुसरं सिम काढू शकतो
- आधार, स्वतःच्या नावावर सिम करून घ्यायचं असेल तर
- एक वही अन् पेन. पासवर्ड फोनमध्येच लिहून ठेवू नका, फोन गेला की तेही गेले
- फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर. *#०६# डायल केलं की स्क्रीनवर येतो, तो वहीत उतरवून घ्या. फोनचं बिल असेल तर वहीतच ठेवा

सरकारच्या 'संचार साथी' वेबसाइटवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. एकदा बघाच. आमच्या गटात एका मावशीच्या नावावर चार सिम निघाली, मावशीकडं होतं एक. जी तुमची नाहीत ती तिथूनच "माझं नाही" म्हणून कळवता येतात.

१. काय कुलपात आहे अन् काय उघड्यावर आहे

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे मेसेज तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो अन् समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो, मधल्या कुणाकडं किल्ली नाही, कंपनीकडंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं हे २०१६ साली सगळ्यांसाठी चालू केलं, कॉललाही आहे. सिग्नल नावाच्या मेसेजिंग अ‍ॅपवर सगळंच असं आहे. साधा एसएमएस अन् साधा कॉल मात्र असा नाही, तो टेलिकॉम कंपनीला दिसू-ऐकू शकतो. टेलिग्रामबद्दल लई गैरसमज आहे, लोक म्हणतात ते सगळ्यात सेफ, पण तिथली नेहमीची चॅट अन् ग्रुप एंड-टू-एंड नाहीत, फक्त 'सीक्रेट चॅट' वेगळी उघडली तरच.

अन् कुलूप फक्त मजकुराला असतं. तुम्ही कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललात याची नोंद वेगळी राहू शकते. पाकीट बंद असलं तरी वरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच, तसं.

२. लिंक्ड डिव्हाइसेस, आत्ता उघडून बघा

हे पहिल्यांदा करा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वरचे तीन टिंब, 'लिंक्ड डिव्हाइसेस'. तिथं जे कम्प्युटर किंवा फोन दिसतात ते सगळे तुमचे मेसेज वाचू शकतात, अन् तुमचा फोन बंद असला तरी. जो ओळखीचा नाही त्यावर बोट ठेवा अन् लॉगआउट करा.

माझी चूक इथंच झाली. एन्क्रिप्शन तुटलं नव्हतं, मीच त्या कम्प्युटरला किल्ली देऊन आले होते. नेटकॅफे, झेरॉक्स, सेवा केंद्र, कुठंही प्रिंट काढायची तर व्हॉट्सअ‍ॅप वेब लावू नका. फाइल पेनड्राइव्हवर न्या, नाही तर तेवढी एकच फाइल दुकानाच्या नंबरवर पाठवा. आधारची प्रत द्यायची तर 'मास्क्ड आधार' काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

३. फोन अन् सिम

स्क्रीन लॉक सहा आकडी ठेवा, जन्मसाल नको. बोटाचा ठसा सोयीचा आहे पण झोपेत कुणी तुमचं बोट लावलं तर उघडतं, हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या गटात झालंय. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसायचा बंद करा, सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये सापडेल. नाही तर फोनला लॉक असूनही ओटीपी वरच वाचता येतो.

सिमलाही पिन लावता येतो, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनात टाकलं तरी चालत नाही. पण इथं एक खड्डा आहे. आधी कस्टमर केअरला फोन करून सिमचा ठरलेला पिन विचारा, अंदाजानं टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं अन् पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कंपनीकडचा कोड) मागतं, अन् पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. फडावर असताना हा प्रयोग अजिबात करू नका, गावात असताना करा.

कोयत्यावर बऱ्याचदा नवरा-बायकोत एकच फोन असतो. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या चॅटचं नाव दाबून धरा, 'चॅट लॉक' लावा. पण नुसतं लॉक लावलं तर फोनमध्ये ज्याचा ठसा आहे त्यालाही ती उघडते, म्हणून चॅट लॉकच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सीक्रेट कोड' वेगळा ठेवा अन् लॉक केलेल्या चॅट लपवा. मग कोड शोधात टाकल्याशिवाय ती चॅट आहे हेच दिसत नाही. आरोग्याबद्दल बोलणाऱ्या बायांना हे मी पहिलं शिकवते. २०१९ मध्ये आपल्याकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशवी काढण्याचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, समिती बसली, पण फडावर कुठल्या बाईचं ऑपरेशन झालंय हे सगळ्या टोळीला कळायची काय गरज आहे? ते तिचं तिनं सांगावं किंवा न सांगावं.

४. टू-स्टेप पिन

सेटिंग्ज, अकाउंट, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'. सहा आकडी पिन अन् ईमेल द्या. कुणी तुमच्या नंबरवर आलेला कोड गोड बोलून काढून घेतला तरी या पिनशिवाय त्याला तुमचं खातं उघडता येत नाही. ईमेल टाळू नका, पिन विसरलात अन् ईमेल दिलेला नसला तर सात दिवस थांबावं लागतं.

५. बॅकअप, मागचं दार

लोक पुढच्या दाराला कुलूप लावतात अन् परसदार उघडं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल खात्यात जातो अन् तो आपोआप एंड-टू-एंड असेलच असं नाही, २०२१ पासून ती सोय आहे पण स्वतः चालू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप'. पासवर्ड ठेवा किंवा ६४ आकडी-अक्षरी किल्ली घ्या. आमच्या बाया पासवर्डच ठेवतात, वहीत लिहितात. हा हरवला तर कंपनीही परत देऊ शकत नाही, जुने मेसेज गेलेच समजा. चालू करायच्या आधी वही उघडी ठेवा.

दुसरं म्हणजे समोरच्याचा बॅकअप. तुम्ही सगळं केलं अन् तिनं केलं नाही तर तुमचं बोलणं तिच्या बॅकअपमध्ये उघडं. म्हणून एकटीनं करू नका, दोघी-तिघी बसून करा.

६. नाजूक बोलणं सिग्नलवर

सिग्नल फुकट आहे, ना-नफा संस्थेचं आहे. अमेरिकेत २०१६ साली कोर्टाकडून त्यांच्याकडं एका खात्याची माहिती मागितली गेली तेव्हा त्यांच्याकडं द्यायला दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं अन् शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांनी साठवलेलंच नव्हतं. मला ही गोष्ट लई महत्त्वाची वाटते, जे साठवलंच नाही ते कुणी मागितलं तरी देता येत नाही.

टाकल्यावर एवढं करा. प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर 'कुणालाच नाही' करा अन् युजरनेम घ्या, मग नवीन माणसाला नंबर न देता बोलता येतं. 'डिसअ‍ॅपिअरिंग मेसेजेस', म्हणजे आपोआप पुसले जाणारे मेसेज, एक आठवड्यावर ठेवा. 'रजिस्ट्रेशन लॉक' चालू करा, ते वरच्या टू-स्टेप पिनसारखंच. अन् ज्या ताईशी खरंच जोखमीचं बोलायचंय तिच्यासमोर बसून 'सेफ्टी नंबर' एकदा जुळवून बघा, दोन्ही फोनवर तेच आकडे दिसले पाहिजेत. पुढं कधी तो बदलल्याची सूचना आली तर बहुतेक वेळा तिनं फोन बदललेला असतो, पण कॉल करून आवाज ऐकून खात्री करा. स्क्रीनशॉट किंवा दुसऱ्या फोननं काढलेला फोटो कुठलंच अ‍ॅप थांबवू शकत नाही, माझ्या प्रकरणात फोटोच होता.

७. लग्नपत्रिका, चलान अन् किसानचा हप्ता

फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. लग्नसराईत लग्नपत्रिका, इतर वेळी आरटीओचं चलान किंवा पीएम किसानचा हप्ता अशा नावानं येतात, अन् पाठवणारा ओळखीचाच असतो कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. एकदा टाकली अन् एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी त्यांना जातो. एन्क्रिप्शनचा इथं काही उपयोग नाही, चोर घरात बसलाय, कुलूप बाहेरच्या दाराला आहे. पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पहिल्या काही मिनिटांत केलात तर पैसे पुढं सरकायच्या आधी अडवायची शक्यता जास्त.

८. सरकार काय मागतंय

हा भाग लांब आहे पण वगळू नका. गटात विचारतात, ताई सरकारनं मागितलं तर द्यायला काय हरकत, आपण काय चोर आहोत का?

२०१५ च्या सप्टेंबरात केंद्रानं एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता, त्यात लोकांनी आपले मेसेज साध्या मजकुरात ९० दिवस जपून ठेवावेत असं होतं. एवढा गदारोळ झाला की तो लगेच मागं घेतला. मग २०२१ च्या फेब्रुवारीत आयटी नियम आले. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीनं एखादा मेसेज देशात पहिल्यांदा कुणी पाठवला हे शोधून देता आलं पाहिजे, असं नियम ४ मध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, अन् एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्हाला जावं लागेल.

सरकारची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवांमुळं, पोरं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची गरीब माणसं, पोटासाठी फिरणारी. आपले लोकही तसेच पोटासाठी परमुलखात जातात, उद्या कुठल्या अफवेत आपली टोळी सापडेल सांगता येत नाही. अफवा पसरवणारा सापडलाच पाहिजे. नियमातही लिहिलंय की हे फक्त गंभीर गुन्ह्यांसाठी अन् कोर्टाच्या किंवा ठरलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशानंच.

पण एकाचा माग काढायचा तर आधी सगळ्यांच्या प्रत्येक मेसेजवर खूण करून ठेवावी लागते, कारण उद्या कुठला मेसेज मागतील हे आज माहीत नसतं. म्हणजे त्या ताईच्या खाड्याच्या मेसेजवरही खूण. अन् ती खूण सांगणार काय, तर "हे पहिलं कुणी लिहिलं", मुकादमाला जे पाहिजे होतं नेमकं तेच. त्या दिवशी टोळीनं तोंड बंद ठेवलं म्हणून ताई वाचली, मशीन तोंड बंद ठेवत नाही. त्यात नियम असा की मेसेज परदेशातून आला असेल तर भारतात ज्यानं तो पहिल्यांदा पाठवला तोच मूळ धरायचा, मग पुढं ढकलणाराच गुन्हेगार ठरायची भीती. अन् जो मजकूर कॉपी करून नव्यानं टाकतो, जसा मी टाकला, त्याचं काय?

कुणी म्हणेल किल्ली सरकारकडंच राहील, मुकादमाकडं कशाला जाईल. अमेरिकेत पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणेत दार ठेवलेलं होतं. २०२४ मध्ये उघड झालं की चिनी हॅकर त्याच यंत्रणेपर्यंत पोचले होते. त्यानंतर तिथल्या सरकारी यंत्रणांनीच लोकांना सांगितलं की एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरा. ब्रिटननं अ‍ॅपलकडं असंच दार मागितलं, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलनं तिथं दार करून देण्याऐवजी आपली सगळ्यात पक्की बॅकअपची सोयच काढून घेतली. तोटा कुणाचा झाला, तिथल्या साध्या लोकांचा.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलंय. हे वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. कुणी "तुम्हाला काय लपवायचंय" म्हणालं तर दाखवायला उपयोगी पडतं.

९. कुणी फोन मागितला तर

मुकादम, ठेकेदार, कारखान्याचा माणूस, शेतमालक यांना तुमचा फोन तपासायचा काहीही अधिकार नाही. पोलिसांचं वेगळं. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली मजकूर उलगडून मागता येतो अन् मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण नेहमीच्या रीतीनं तो आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा अन् लेखी असावा लागतो. रस्त्यावर "उघड गं फोन" म्हणणं म्हणजे तो आदेश नाही. तुम्ही एवढंच म्हणा, "साहेब, लेखी द्या, मी वकिलाला विचारते." भांडू नका, हिसकाहिसकी करू नका. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात आयएमईआय लिहिलाय का बघा, वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

नोटीस आल्यावर काहीही पुसायचं नाही. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे. आठवड्यानं मेसेज आपोआप पुसायची सेटिंग आधीपासून असणं वेगळं, नोटीस हातात पडल्यावर पुसणं वेगळं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाईला उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच ते आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० ला फोन करा. लागतं काय, तर आधार, आलेली नोटीस किंवा पंचनाम्याची प्रत अन् एक साधा अर्ज, अर्ज तिथंच लिहून देतात.

१०. नेटच बंद झालं तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड अन् संभाजीनगर जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं होतं, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप पण नाही अन् सिग्नल पण नाही. टोळी कर्नाटकात, लेकरं गावात आजीजवळ, अन् बऱ्याच बायांना आजीचा नंबर पाठ नव्हता कारण कॉल नेहमी व्हॉट्सअ‍ॅपवरूनच. साधा कॉल अन् एसएमएस चालू राहिला तर तोच आधार, म्हणून बॅलन्स ठेवा अन् दहा नंबर वहीत लिहा. साध्या कॉलवर नाजूक बोलायचं नाही एवढं लक्षात ठेवून ख्यालीखुशाली विचारा.

फोन हरवला तर संचार साथीवरून तो ब्लॉक करता येतो, पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र अन् आयएमईआय लागतो. त्याच नंबरचं सिम परत काढा, व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर चालू केलं की जुन्यावरचं आपोआप बंद पडतं.

आम्ही आता हे सगळं दसऱ्याच्या आत करतो, टोळ्या निघायच्या आधी. पाच-सहा जणी एका घरी, एकमेकींच्या फोनचे लिंक्ड डिव्हाइसेस बघायचे, मग वही भरायची. वही कोयत्यावर न्यायची नाही, गावात बहिणीकडं किंवा आईकडं ठेवायची, अन् पहिल्या पानावर फक्त आयएमईआय अन् दहा नंबर, तेवढं पान फाडून ब्लाउजच्या पाकिटात.